सरस्वतीबाईंच्या नावाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे, आणि मी कुठं आहे ते मी तुम्हाला अजिबात सांगणार नाही. सोनाळ्याच्या शिवारात, एका संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर आहे, एवढंच ऐकून ठेवा. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्या धुऱ्यावर कोणत्या दगडाआड, कोणत्या मुळाखाली, हे तुमचं तुम्ही शोधायचं. सांगून टाकलं की शोधण्यातली मजा गेली. आणि ही मजा एकदा हातची गेली की पुन्हा येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, घासला, चकचकीत केला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते जळगाव जामोदच्या भांड्यांच्या दुकानापासून. दिवाळीचे दिवस होते. एक उंच, सावळा माणूस दुकानात आला आणि भाऊबीजेला बहिणीला द्यायला त्यानं मला निवडलं. वर घट्ट झाकण, झाकणाला दोन्ही बाजूंनी चाप, धरायला कडी. मी होतोच तसा देखणा, उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

मग दुकानदारानं नाव टाकायचं यंत्र काढलं. ते घुर्र करत माझ्या पोटावर टेकलं तेव्हा माझा जीव अर्धा झाला. तो माणूस वाकून एकेक अक्षर सांगत होता. "सौ. सरस्वती महादेवराव, सोनाळा. ठळक टाका हो भाऊ. माही बहीन साऱ्या गल्लीले डब्यात भरून देते, अन् मंग डबा वापस मांगाले लाजते. नाव पाहून तरी लोक आनून देतीन."

तर अशासाठी माझ्यावर नाव आलं. मी कुठंही गेलो तरी घरी परत यावं म्हणून. भावाची बहिणीवरची माया होती ती. पुढं तो भाऊ अकाली गेला, आणि सरस्वतीबाई मला घासताना त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या. दुसऱ्या कोणाला घासू द्यायच्या नाहीत.

पुढची कितीतरी वर्षं मी राबलो. महादेवराव, म्हणजे सरस्वतीबाईंचे यजमान, पहाटेच बागेत जायचे. मागून मी जायचो, पोटात भाकरी, वर मिरचीचा ठेचा, कधी पिठलं, कधी वांग्याची भाजी. महादेवराव झाडाखाली बसून झाकण उघडायचे आणि आधी नुसता वास घ्यायचे. माझ्यासारख्या डब्याला याहून मोठी शाबासकी कोणती? गल्लीतही मला मान होता. शेजारी रज्जाकभाई राहायचे, गाद्या भरणारे. त्यांच्या घरी पुरणपोळी घेऊन मी जायचो आणि ईदला शीरखुर्मा घेऊन परत यायचो. रिकामा मला कोणी कधी पाठवला नाही.

मग महादेवराव वारले. बाग त्यांचा मुलगा शेखर बघू लागला. त्याला दुपारचा डबा म्हणून रंगीत प्लास्टिकचं काहीतरी आलं, अन्न गरम ठेवतं म्हणे. ठेवत असेल बापडं! त्यात वाटाण्याची भाजी ठेवली की पुढचे कित्येक दिवस त्याला वाटाण्याचाच वास. पण बोलणार कोण? मला वर माळ्यावर टाकलं. शेजारी एक फुटकी परात आणि उंदरांचं बिऱ्हाड. धूळ इतकी बसली की माझ्यावरचं नाव मलाच वाचता येईना.

तिथून मला खाली उतरवलं रुपालीनं. रुपाली म्हणजे शेखरची बायको. ती मूळची अकोल्याची, लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती. तिथं तिनं एक खेळ पाहिला होता. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभर लोक डबे लपवून ठेवतात, त्या जागेचे आकडे मोबाइलवर टाकतात, आणि दुसरे लोक ते आकडे बघत बघत डबा हुडकून काढतात. डबा सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथंच परत ठेवून द्यायचा. कोण कुठला डबा, कोण कुठलं माणूस! गल्लीतल्या मुलांना सुट्टीत हा खेळ शिकवावा असं रुपालीच्या मनात आलं, आणि त्यासाठी तिला पाणी न शिरणारा डबा हवा होता.

"आई, हा घेऊ का?" तिनं विचारलं.

सरस्वतीबाईंनी मला पदरानं पुसलं. "घे. पन हारपू नोको. माह्या भावाचा हाय."

"हरवणार कसा? त्याच्यावर तर नाव आहे," रुपाली हसत म्हणाली.

पहिल्या दिवशी खेळाचा पार विचका झाला. मोबाइल रुपालीच्या हातात, ती पुढं, आणि मागं पोरांची वरात. बिचारी लेकरं बाण कुठं वळतो हे बघायला तिच्या कोपराशी लोंबकळत होती. थोड्या वेळात त्यातली निम्मी कंटाळून चिंचा पाडायला गेली. रुपालीनं मला एका फांदीत इतकं उंच टांगलं होतं की शेवटी तिनंच मला काढलं आणि तिनंच टाळ्या वाजवल्या. जुनेद तोंडावर म्हणाला, "काकू, हा खेय तुमचाच हाय. आमी काऊन आलो?" जुनेद हा रज्जाकभाईंचा मोठा मुलगा, जिभेला हाड नसलेला.

पण रुपाली हुशार. ती तेवढ्यात शिकली. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल फक्त बागेच्या फाटकापर्यंत. तिथून पुढं मुलांच्या डोळ्यांचं काम. मला लपवायचं ते लहानात लहान लेकराच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि एक नवी बोली ठरली. डब्याच्या जवळ आलं की ती म्हणायची, "ऊन, ऊन!" आणि लांब गेलं की, "सावली, सावली!" अगदी हाताशी आलं की सगळे ओरडायचे, "कडक ऊन!" पोरं खुळावली. माझ्या पोटात भाकरीच्या जागी आता गोट्या, चिंचोके, मोराचं पीस, शर्टाची बटणं, बांगड्यांचे तुकडे आले. रज्जाकभाईंच्या पलीकडच्या घरातल्या वकारनं एकदा गुळाचा खडा ठेवला, आणि साऱ्या धुऱ्यावरच्या मुंग्या माझ्या पाहुण्या झाल्या. त्या दिवसापासून खायचं काही ठेवायचं नाही असा नियम झाला. खरं सांगतो, महादेवरावांच्या काळानंतर मी एवढा सुखात कधी नव्हतो.

एकच लेकरू असं होतं ज्याला मी कधी सापडलो नाही. जुनेदची बहीण, मलिहा. सात वर्षांची, बारकीशी. ती हळू नव्हती हो. पण तिला वाटेतलं सगळंच बघायचं असायचं. मुंग्यांची रांग दिसली की बसली. वेगळं पान दिसलं की उचललं. ती माझ्या जवळ येईपर्यंत वकार नाहीतर जुनेद धावत यायचा, हात घालायचा आणि मला डोक्यावर धरून नाचायचा. मलिहा लांबून बघायची. तिच्या मुठीत नेहमी काहीतरी असायचं, माझ्यात ठेवायला आणलेलं. पण जो शोधेल त्यानंच ठेवायचं हा नियम, म्हणून ती मूठ तशीच घरी जायची.

एकदा जुनेदला बहिणीची दया आली. त्यानं मला काढलं आणि सरळ तिच्या हातात दिलं. "घे वं. तुले सापडला."

मलिहानं मला खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. "मले नाई सापडला. तुले सापडला. मले द्यू नोको."

"अवं, एकच तं हाय!"

"एक नाई," ती म्हणाली आणि रडत घरी गेली.

जुनेदला ते कळलं नाही. मला कळलं. मी जन्मभर लोकांच्या हातात दिला गेलेलो. कोणी मला शोधून काढावं, आणि तिनंच काढावं, अशी ओढ मला त्या दिवशी लागली.

आता माझ्या नावाची गंमत सांगतो. तेव्हा ती गंमतच होती. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या बागेचे किसनराव धुऱ्यावरून जाताना त्यांना माझी कडी दिसली. त्यांनी नाव वाचलं आणि मला उचलून थेट सरस्वतीबाईंच्या ओट्यावर आणून ठेवलं. "वहिनी, डबा इसरल्या वावरात! कोनाची पोटं उपाशी ठेवता?" तिकडं मुलं ऊन-सावली करत घामाघूम. सगळं कळलं तेव्हा किसनराव स्वतःच पोट धरून हसले. पुढं एका मेंढपाळानं मला आणून दिलं. मग दूध घालणाऱ्या बाईनं. आमच्या शिवारात नाव टाकलेलं भांडं सापडलं की ते ज्याचं त्याला पोचवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. चोरांपासून डबा लपवता येतो हो, पण या भल्या माणसांपासून कसा लपवायचा?

रुपाली म्हणाली, "आई, नावावर एक कागद चिकटवू का? खेळाचा डबा आहे, असं लिहून?"

सरस्वतीबाईंचा चेहरा उतरला. "माह्या भावानं टाकलेलं नाव हाय ते. त्याच्यावर कागद डकवशीन?"

रुपालीनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्याऐवजी ती घरोघरी सांगून आली की धुऱ्यावर डबा दिसला तर राहू द्या. सगळ्या गावाला माहीत झालं. मग मला कोणी आणेना. प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

आणि मग रज्जाकभाईंनी गाव सोडायचं ठरवलं. कापसाच्या गाद्या कोण भरून घेतो आता? लोक तयार फोमच्या आणतात. बुऱ्हाणपूरला सायराभाभींच्या भावाचं दुकान होतं, तिकडं चला म्हणाला. सायराभाभी म्हणजे मलिहाची आई. सामान बांधलं. दुपारच्या बसनं जायचं होतं. आदल्या दिवशी मलिहा रुपालीच्या मागं मागं फिरत होती. शेवटी पदर ओढून म्हणाली, "काकू, मले एक बार एकटीले शोधू देसान का?"

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याच संध्याकाळी मला एका जुन्या बाभळीच्या, कोणत्या ते विचारू नका, मुळाशी, मलिहाच्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या पोकळीत ठेवलं. सोपं नाही, अवघडही नाही. आणि पोरांना सुगावा लागू नये म्हणून तिनं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. सासूलासुद्धा नाही. जुनेदला तेवढी कुणकुण लागली होती. पण तो शहाणा निघाला. "मी सामानावर बसतो," म्हणाला, "तुमी जा."

ती पहाट मला अजून आठवते. थंडी होती, माझ्या झाकणावर दव होतं. मी मनात म्हणत होतो, ये बाई, आज कोणी धावत येणार नाही, तू मुंग्या बघ, पानं बघ, हवा तितका वेळ लाव, मी इथंच आहे.

पण शेजारच्या बागेत त्या दिवशी संत्र्याची तोड सुरू झाली होती. बायका बाहेरगावाहून आल्या होत्या, वडनेर भोलजीकडच्या. त्यांतली तानुबाई आपली पाण्याची कॅन सावलीत ठेवायला बाभळीशी आली आणि तिला माझी कडी दिसली. तिनं मला बाहेर ओढलं. आत गोट्या खुळखुळल्या. तिनं उघडून पाहिलं असतं तर गोट्या दिसल्या असत्या, बटणं दिसली असती, लेकरांचा खेळ आहे हे कोणीही ओळखलं असतं. पण तिनं उघडलं नाही. बरोबरच्या बाईला म्हणाली, "दुसऱ्याची भाकर काय उघडून पाह्यची? बिचारी कोन हाय, दुपारी उपाशी राहीन." नाव तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. संत्र्याचे क्रेट आणायला गाडी गावात निघाली होती, तिच्यात चढून ती आली. बागेच्या रस्त्यावरचं पहिलंच घर आमचं. ओट्यावर सरस्वतीबाई गहू निवडत बसल्या होत्या.

"सरस्वती म्हनजे कोन हो, बाई?"

"मीच. काऊन?"

"तुमचा डबा. धुऱ्यावर इसरल्या होत्या."

मी ओरडत होतो, मित्रांनो. डब्याचं ओरडणं म्हणजे काय, कडी जराशी वाजली. सरस्वतीबाईंनी तानुबाईला बसवून चहा दिला, तिचं कौतुक केलं. खरंच होतं ते. अशी माणसं कुठं मिळतात? तानुबाई समाधानानं कामावर परत गेली. त्या बाईवर मी कसा रागावू?

आणि सरस्वतीबाईंना वाटलं, पोरांचा खेळ संपला. रज्जाकचं घर चाललं, मग डबा कोण शोधणार? मलिहासाठी त्यांनी भल्या पहाटे उठून बेसनाचे लाडू केले होते. माझ्याकडं बघून त्यांना सुचलं. "यातच देतो तिले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "डबाच देऊन टाकतो. आठवन राहीन." भावाच्या हातची शेवटची वस्तू, ज्यावर कागद चिकटवू दिला नाही, ती त्या शेजारच्या पोरीला कायमची द्यायला निघाल्या होत्या. माझ्या पोटातल्या गोट्या-बटणं त्यांनी ताटात काढून ठेवली, मला घासलं, पुसलं आणि लाडू भरले. त्या गुणगुणत होत्या. आणि मला तिथं बाभळीखाली असायला हवं होतं.

तिकडं काय झालं ते मी पाहिलं नाही. रुपालीनं नंतर रडत रडत सासूला सांगितलं, तेव्हा ऐकलं. फाटकापाशी मोबाइल खिशात गेला. मलिहा पुढं, रुपाली मागं. मलिहानं एकही दगड सोडला नाही. मुंग्यांपाशीही बसली, आणि रुपाली थांबली. "सावली... सावली... थोडं ऊन... ऊन गं, ऊन..." मलिहा हसायला लागली होती. बाभळीशी आली. "कडक ऊन!" रुपाली ओरडली, आणि मलिहानं पोकळीत हात घातला.

हात रिकामा बाहेर आला.

तिनं दुसरा हात घातला. मग वाकून बघितलं. रुपाली धावली, तिनंही बघितलं, आजूबाजूचे दगड उलटेपालटे केले. मलिहा उभी होती. तिनं विचारलं, "काकू, तुमी चुकल्या का मी?"

"मी चुकले गं राणी, मीच चुकले."

पण ते तिला पटलं नाही. मोठी माणसं समजूत घालायला काहीही बोलतात, हे लहान मुलांना कळत नाही असं थोडंच आहे? तिनं फ्रॉकच्या खिशातून एक वस्तू काढली. अब्बांकडचा उरलासुरला कापूस घेऊन, रंगीत चिंधी शिवून तिनं माझ्यासाठी तळहाताएवढी गादी केली होती. गाद्या भरणाऱ्याची लेक ती! किती दिवस मुठीत घेऊन फिरत होती कोण जाणे. तिनं ती गादी रिकाम्या पोकळीत अंथरली आणि सारखी केली. "डबा आला तं त्याले बसाले," म्हणाली.

बसस्टँडवर सगळी गल्ली जमली होती. बस लागलेली. सरस्वतीबाई मला छातीशी धरून लगबगीनं आल्या आणि खिडकीतून मला मलिहाच्या मांडीवर ठेवलं. "घे माय. लाडू हाय. डबाबी तुलेच."

रुपालीनं मला बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मलिहा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आजी, हा तुमच्या घरी होता?"

"हाव. एक बाई आनून देऊन गेली सकायी."

"मंग मी चुकली नव्हती." तिचा चेहरा जरा उजळला. जरासाच. मग तिनं झाकण उघडलं, लाडू एकेक करून अम्मीच्या ओढणीत ठेवले, झाकण लावलं, चाप लावले आणि मला खिडकीतून परत दिलं. "आजी, मले द्यू नका. हा मले सापडाले पाह्यजे होता. तिथंच ठेवा. मी येईन तवा पाहीन."

कंडक्टरनं घंटी मारली. बस गेली. मी सरस्वतीबाईंच्या हातात, रिकामा. नाव टाकल्यापासून मला आयुष्यात कोणी रिकामं परत पाठवलं नव्हतं.

घरी येताना रुपालीनं सगळं सांगितलं. सरस्वतीबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. "अवं माय," त्या म्हणाल्या, "म्या तिच्या हातातलं काढून घेतलं ना. लाडू देऊन काढून घेतलं." रुपाली म्हणत होती की चूक माझी, मी सांगायला हवं होतं. पण म्हातारीचं काही केल्या समाधान होईना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या बसनं जळगाव जामोदला गेल्या, एकट्या, मला पिशवीत घालून. त्याच दुकानात. आता तिथं जुन्या दुकानदाराचा मुलगा बसत होता. "याच्या खाली तीन शब्द टाक," त्या म्हणाल्या.

"कोनाचं नाव, मावशी?"

"नाव नाई. इथंच राहू द्या, असं टाक."

तो हसला. भांड्यावर असं कोण टाकतं? पण म्हातारीचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं यंत्र लावलं. पुन्हा ते घुर्र, पुन्हा ती आग. या खेपेला मी हूं की चूं केलं नाही. भावानं टाकलेल्या नावाच्या अगदी खाली ते शब्द बसले. एवढेच शब्द आठवडाभर आधी पोटावर असते, तर तानुबाईनं मला हात जोडून जागच्या जागी ठेवलं असतं.

सरस्वतीबाईंनी स्वतः मला त्या गादीवर आणून बसवलं. तेव्हापासून मी इथं आहे.

वर्षं गेली. जुनेदच्या जाण्यानं खेळातला जीव गेला, वकार मोठा झाला, बाकीची पोरं क्रिकेटला लागली. माझा एक चाप गंजला, झाकणाला पोचा आला. रुपालीनं मोबाइलवर टाकलेला माझा ठिपका अजून आहे म्हणे, म्हणून कधीमधी शहरातून गाड्या येतात. बाप मोबाइल धरून पुढं, आई फोटो काढत मागं, आणि लेकरू वेफर्सची पुडी खात सगळ्यात शेवटी. बापच मला काढतो, "हे बघ बाळा, सापडला!" म्हणतो, आणि बाळ बघतसुद्धा नाही. काय बघणार? त्याला कुठं सापडलाय? अशा वेळी माझं पित्त खवळतं. पण डब्याचा राग कोणाला दिसतो.

आणि गेल्या हिवाळ्यात मलिहा आली.

वकारच्या बहिणीचं लग्न होतं, त्यासाठी सगळे आले होते. मी तिला आवाजावरून ओळखलं. आता चांगली उंच झाली होती, वेणी कमरेपर्यंत. माझा जीव टांगणीला लागला. म्हटलं, आता शोधेल. आता होईल ते राहिलेलं. पण ती फाटकातून आत आली ती सरळ बाभळीकडंच चालत आली. ना दगड बघितला ना मुंगी. तिला जागा पाठच होती. शोधायचं उरलंच नव्हतं काही. मला शोधायला आसुसलेली ती सात वर्षांची पोर कुठंच नव्हती, आणि तिला आणून देणारी बस अजून निघालेली नाही.

बाभळीपासून थोड्या अंतरावर मलिहा थांबली. तिच्यासोबत एक चिमुरडी होती, अलीजा, बुऱ्हाणपूरला जन्मलेली धाकटी बहीण. मलिहानं तिचा हात सोडला आणि आमच्याकडं पाठ केली.

"आपा, किधर है?"

"नाई सांगत. तूच पाह्य. मी नुसतं ऊन का सावली म्हनीन."

अलीजा वाटेत दहा ठिकाणी बसली. मलिहानं एकदाही घाई केली नाही. "सावली," ती पाठमोरीच म्हणायची, खांद्यावरून चोरून बघत, "सावली... ऊन..." आणि मग एक इवलासा, मातीनं माखलेला हात आत आला, माझ्या कडीला लागला, आणि सारा धुरा दणाणून गेला. "मिला! आपा, मेरेकू मिला! मैच ढूंढी!"

मलिहा वळली, गुडघ्यांवर बसली. माझ्या पोटावरचं नाव तिनं वाचलं, आणि मग त्याखालचे शब्द. ते तिला माहीत नव्हते. तिनं त्यावरून बोट फिरवलं, सरस्वतीबाई फिरवायच्या अगदी तसंच. "आजीनं टाकलं," एवढंच म्हणाली. मग तिनं पोकळीतली चपटी झालेली गादी बाहेर काढली, झटकली, बोटांनी आतला कापूस मोकळा केला आणि पुन्हा अंथरली. अलीजानं केसांतली क्लिप काढून माझ्यात ठेवली. नियमाप्रमाणे.

मी आनंदलो नाही असं कसं म्हणू? त्या चिमुरडीचं ओरडणं मला जन्मभर पुरेल. पण मित्रांनो, तसं ओरडणं ज्या गळ्यातून मला ऐकायचं होतं, तो गळा शेजारी गप्प होता. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मला वाटतं, तिलाही तेच ऐकू येत होतं, जे मला.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. धाकटा भाऊ, धाकटी बहीण काही शोधत असेल, तुम्हाला ते आधीच दिसलं असेल, हात शिवशिवत असेल, तर तो हात खिशात घाला. पाठ करून उभे राहा. तिला मुंग्या बघू द्या. उद्या देऊ, पुढच्या सुट्टीत देऊ, असं म्हणू नका. उद्या ती असेल, पण एवढीशी नसेल. आणि कुणाच्या धुऱ्यावर कधी एखादा जुना कडीचा डबा दिसलाच, तर उचलण्याआधी त्याच्या पोटावर काय लिहिलंय ते खालपर्यंत वाचा.